लक्ष लागायला जागा लागते

सध्या मुंबईत ज्याला भेटावं तो काहीतरी शिकत असतो, नाहीतर शिकायचं राहून गेलं म्हणून कानकोंडा झालेला असतो. बँकेतला मधल्या फळीतला अधिकारी डेटा ॲनालिटिक्सच्या मागे आहे, अकाउंटंटनं कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स लावलाय, मराठीच्या शिक्षिका व्हिडिओ एडिटिंग शिकतायत. ओळखीतले एक वकील कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये बसून 'प्रॉम्प्ट', म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेला द्यायची सूचना, कशी लिहावी याचे व्हिडिओ बघतात आणि चहा गार करतात. बहुतेकांचे कोर्स अर्ध्यावर अडकलेले. सुरुवातीचे धडे उत्साहात झाले, मग घरात कोणाचं तरी आजारपण निघालं, ऑफिसात मार्च एन्डिंग आलं, गावाहून पाहुणे आले. आता त्या ॲपवरून रोज संध्याकाळी लाडिक आवाजात निरोप येतो की तुमची शिकण्याची साखळी तुटू देऊ नका. साखळी केव्हाच तुटलेली असते. निरोप पुसायचा आणि स्टेशनची वाट धरायची.

अशा माणसाला सल्ला द्यायला सगळे टपलेलेच. पहाटे पाचला उठा, ध्यान करा, डायरी लिहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. (मुंबईत 'दुसरी खोली' किती जणांकडे असते, हे सल्लागाराला विचारायचं नाही.) सल्ल्याचा सूर मात्र ठरलेला: जग झपाट्यानं बदलतंय, तुम्ही बदलला नाहीत तर मागे पडाल, आणि बदलायला जमत नसेल तर दोष तुमच्या मनाचा, तुमच्या शिस्तीचा.

मला हे म्हणणं अर्धवट वाटतं, आणि अर्धवट असल्यामुळेच घातक वाटतं. माणसाचं लक्ष लागणं यात त्याच्या स्वभावाचा वाटा असतो, पण त्याहून मोठा वाटा जागेचा आणि वेळेचा असतो. ज्याला बसायला कोपरा नाही, ज्याच्या दिवसातला एकही तास खात्रीनं त्याचा नाही, त्याच्यापुढे एकाग्रतेवर प्रवचन झोडून काही होत नाही. तो कोपरा आणि तो तास मिळवून देणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे. शाळा, पाणी आणि रस्ते यांच्या यादीतली. हे काही मी नव्यानं सांगत नाही. या शहराला एकेकाळी ते नीट कळत होतं.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या शेजारी पिवळसर दगडाची एक जुनी इमारत आहे. आत शिरलं की डेव्हिड ससून यांचा पुतळा समोर येतो. वरच्या व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत आणि दुपारच्या वेळी त्यांत पेपर तोंडावर घेऊन गाढ झोपलेले दोन-चार सभासद हमखास सापडतात. आज आपण त्याला डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणतो. सुरुवातीला ती मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट होती. १८४७ साली टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिक आणि फोरमन मंडळींनी ती सुरू केली. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावायला अजून सहा वर्षं होती, पहिली कापडगिरणी निघायला त्याहून जास्त. पण वाफेवर चालणारी यंत्रं दारात आली होती आणि उद्याचं काम आजच्यासारखं राहणार नाही हे या मंडळींना हातातल्या पान्यावरून समजत होतं. त्या काळातले 'टेक'वाले तेच. त्यांनी यंत्रांचे नमुने मांडायला, पुस्तकं ठेवायला आणि चर्चेला बसायला एकत्र जागा उभी करायचं ठरवलं. ससून यांनी देणगी दिली आणि १८७० मध्ये ती इमारत पुरी झाली.

शहरात पुढे हेच घडत गेलं. गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, म्हणजे आजची माटुंग्याची व्हीजेटीआय. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. या संस्था काढणाऱ्यांचे हेतू वेगवेगळे होते, त्यात परोपकार होता तसा स्वार्थही होता; गिरणीमालक काही धर्मादाय म्हणून तंत्रशिक्षणाला पैसे देत नव्हते. पण जग बदलतंय हे दिसल्यावर त्यांनी जागा बांधली, टेबलं मांडली, दिवे लावले. 'बदला नाहीतर मराल' एवढं बजावून ते मोकळे झाले नाहीत.

जागेची ही गोष्ट झाली. वेळेची गोष्ट अधिक भांडून मिळालेली आहे. रविवारची सुट्टी आपल्याला निसर्गानं दिल्यासारखी वाटते. ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवली. जोतिराव फुल्यांचे हे सहकारी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना काही हद्द, असल्या त्यांच्या मागण्या होत्या. आज वाचताना किती साध्या वाटतात! या मागण्यांच्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. रविवार खंडोबाचा वार म्हणून जेजुरीच्या भक्तांना तो सोयीचा होता, पण लोखंड्यांना त्या दिवशी कामगारानं समाजाचं काम करावं, चार गोष्टी शिकाव्यात हेही हवं होतं. माणसाला स्वतःची वाढ करायची असेल तर आधी त्याच्या ताब्यात एक मोकळा दिवस पाहिजे, इतका सरळ हिशोब.

याच संदर्भात एक दाखला सारखा उलटा वापरला जातो, त्यावर जरा थांबायला हवं. कोणत्याही प्रेरणादायी भाषणात, विशेषतः स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं परळचं बालपण सांगतात. चाळीतली एक खोली, त्यातच चूल, भांडीकुंडी आणि सगळं कुटुंब. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याची जागा झोपायला घ्यायचे. वक्ता इथे आवाज चढवतो: त्यांना जमलं, तुम्हाला का नाही?

प्रसंग खरा, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. रात्री दोन वाजता का उठावं लागलं? त्याआधी त्या खोलीत बसायला जागा आणि शांतता नव्हती म्हणून. खोली पुरेना तेव्हा शाळकरी भीमराव पुस्तक घेऊन चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. म्हणजे शहरानं ठेवलेली एक सार्वजनिक जागा त्यांच्या उपयोगी पडली. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाचं या वाचणाऱ्या मुलाकडे लक्ष गेलं, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळण्यामागे केळुसकरांची खटपट होती. त्या शिष्यवृत्तीवर कॉलेज झालं, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ गाठता आलं. बुद्धी आणि जिद्द अफाट होती याबद्दल वाद नाहीच. पण त्या जिद्दीला एक बाग, एक शिक्षक आणि एक शिष्यवृत्ती मिळाली. शेजारच्या खोलीत तेवढीच जिद्द असलेलं आणि यातलं काहीच न मिळालेलं मूल असेल, तर त्याचं नाव आपल्याला माहीत असण्याचं कारण नाही.

आणि स्वतः बाबासाहेबांनी त्या बालपणातून काय बोध घेतला, हे तर भाषणात येतच नाही. त्यांनी 'मी कंदिलाखाली वाचलं, तुम्हीही वाचा' असं म्हटलं नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधताना पुस्तकांची सोय आधी पाहिली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं. ज्यानं अडचणीत शिकून दाखवलं त्यानं पुढच्यांच्या वाटेतली अडचण काढली. या शहरात स्वविकासाबद्दल बोलायचं तर सुरुवात त्या सकाळच्या वर्गांपासून करावी, असं मला वाटतं.

नेमकी याच्या उलट वाट आपण गिरण्यांच्या बाबतीत धरली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संपाचे दोष, संपाचे नेते दत्ता सामंत यांचे आडाखे, मालकांचे जमिनीवरचे डोळे, यावर भरपूर लिहून झालंय. तो वाद इथे नको. पण 'बदलत्या काळाबरोबर त्यांनी बदलायला हवं होतं' हे वाक्य आजही लोअर परळच्या काचेच्या इमारतींत बसून सहज बोललं जातं, तेव्हा विचारावंसं वाटतं: कुठे बदलायचं होतं? कुठल्या वर्गात, कुठल्या वेळी, कोणाच्या पैशानं? साच्यावर, म्हणजे मागावर उभा राहणारा माणूस तीन पाळ्यांत, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, एक तुटलेला धागा क्षणात टिपायचा. त्याच्यापाशी एकाग्रता कमी होती असं म्हणायला जीभ रेटू नये. गिरण्या बंद पडल्यावर कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी गेला. गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं याचे नियम झाले, बदलले, पुन्हा बदलले. माणसांनी पुढे काय शिकावं आणि कुठे बसून शिकावं याचा असा कोणताही नियम झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आहे आणि या वेळी काचेच्या इमारतींतलीच माणसं धास्तावली आहेत. इतिहासाचा हा तिरकसपणा. मात्र प्रश्न तोच राहिला आहे आणि उत्तरही पुन्हा तसंच दिलं जातंय: ज्याचं त्यानं बघावं.

ज्याचं त्यानं बघितलं की काय होतं, ते अभ्यासिकांत दिसतं. दादर, ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठेही स्टेशनपासून थोडं चाललं की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर अभ्यासिकेची पाटी दिसते. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या ओळी. प्रत्येक आडोशाला एक प्लग, एक लहान दिवा, मांडीला मांडी लागेल एवढीच जागा. आडोशावर रंगीत चिठ्ठ्या: घटनेची कलमं, भरतीच्या तारखा, कुठे 'आई' एवढंच लिहिलेलं. दाराबाहेर चपलांचा ढीग. भिंतीवर सूचना, की फोन जिन्यात जाऊन घ्यावा, दुसऱ्याच्या जागेवर बसू नये, डबा फक्त मागच्या खोलीत उघडावा. एसीची खोली महाग, पंख्याची स्वस्त. खिडकीजवळची जागा हवी असेल तर तिथला मुलगा नोकरीला लागेपर्यंत वाट बघायची. पूर्वी इथे फक्त एमपीएससी, पोलीस भरती आणि सीएची मुलं असत. आता संध्याकाळी सातनंतर गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच ठेवून आलेली तिशी-पस्तिशीची माणसंही दिसतात. लॅपटॉप उघडायचा, दीड-दोन तास बसायचं, मग घरी.

महिन्याच्या महिन्याला हे लोक पैसे कशाचे देतात? एका खुर्चीचे आणि शांततेचे, हे उघड आहे. पण तिथे बसणाऱ्यांशी बोललं तर आणखी एक गोष्ट कळते. चार माणसं मान खाली घालून वाचत असली की आपला हात फोनकडे जायला लाजतो. घरी रात्रभर ज्याला दहा पानं होत नाहीत तो इथे तासात ती उरकतो. एकट्यानं, निर्धारानं, मनावर ताबा ठेवून शिकायचं ही कल्पना ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात माणूस सोबतीनं आणि थोड्या धाकानं शिकतो. टांकसाळीतल्या त्या मेकॅनिकांना हे समजलं होतं.

ज्यांना ही खुर्ची परवडत नाही त्यांच्यासाठी रस्ता असतो. वरळीला अभ्यास गल्ली नावाची गल्लीच आहे. बीडीडी चाळी आणि आसपासच्या वस्त्यांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथे रस्त्यावरच्या दिव्यांखाली वाचत आली, काही बसून, काही पुस्तक हातात धरून फेऱ्या मारत. बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात स्वयंपाक, टीव्ही, आजीचं अंथरूण आणि धाकट्या भावंडांची भांडणं चालू असताना इंग्रजीचा निबंध लिहायचा म्हटलं तर माणूस दिव्याखाली जाणारच. या गल्लीचं आपल्याकडे फार कौतुक होतं. कौतुक त्या मुलांचं जरूर करावं. पण देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत मुलांना अभ्यासाला फुटपाथ लागतो, यात शहरानं अभिमान वाटून घेण्यासारखं काय आहे, ते मला आजवर उमगलेलं नाही.

आवाजाचं तर बोलायलाच नको. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. नियम कागदावर आहेत. खिडकीबाहेर टॉवरच्या पायाचं खोदकाम, वाढदिवसाचा डीजे आणि रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचं संगीत आहे.

कोणी म्हणेल, लोकलमध्ये वेळ मिळतो की. हा सल्ला मी गाडीनं न फिरणाऱ्या माणसांकडून जास्त ऐकला आहे. रेल्वेच्या परिभाषेत गर्दीची एक परमोच्च पायरी आहे, तिथे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. कुर्ल्याला बॅग छातीशी धरून एका पायावर उभ्या माणसाचं कौशल्य वाढायचं असेल तर ते तोल सांभाळण्याचं. कर्जत-कसाऱ्याहून बसून येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात अजूनही वाचणारे आहेत. लेडीज डब्यात भाजी निवडणारे हात कमी झाले, तरी पोथी उघडणारे आहेत. पण एकूण डब्यावर नजर टाकली तर अंगठे वर सरकतायत, एवढंच दिसतं. प्रवास हा कामाचाच भाग आहे. फक्त त्याचा पगार मिळत नाही. त्याला मोकळा वेळ म्हणणं ही चलाखी झाली.

अंगठ्यांचा विषय निघालाच आहे तर फोनबद्दलही बोलू. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्येच मांडलं होतं की माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा तुटवडा पडतो. त्या वेळी फोनला तबकडी होती. २००६ मध्ये आझा रास्किन या सॉफ्टवेअर रचनाकारानं पडद्यावरचं पान कधी संपूच नये अशी सरकपट्टीची युक्ती काढली, आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पुस्तकाचं पान संपतं, वर्तमानपत्र संपतं, आकाशवाणीचं बातमीपत्रही संपायचं. संपलं की माणूस उठायचा. हे उठणंच काढून घेतलं गेलं. समोर इतकी हुशार माणसं पगार घेऊन माझं लक्ष ओढायला बसली असताना, मी मात्र केवळ मनोनिग्रहानं लढावं ही लढाई बरोबरीची नाही. फोन माझ्या हातात आहे, तो मी खाली ठेवू शकतो, हे मान्य. रोज ठेवावा, हेही मान्य. पण त्या फोनवर साहेबांचा रात्री साडेदहाचा मेसेज येतो, 'उद्या सकाळी बघितलं तरी चालेल', आणि त्याखाली दोन सहकाऱ्यांनी लगेच अंगठे दाखवलेले असतात, तेव्हा तो खाली ठेवण्याची किंमत कोण मोजणार?

इथे कायदा लागतो. फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशा आशयाचं खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं, मंजूर काही झालं नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कामाच्या दैनंदिन तासांची मर्यादा कारखान्यांत नऊवरून बारा आणि दुकानं व आस्थापनांत नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. कामगाराची संमती आणि जादा कामाचा मोबदला या अटी त्यात आहेत, हे नोंदवलं पाहिजे. पण नोकरी टिकवायची असताना संमती कशी दिली जाते, हे मुंबईत कोणाला समजावून सांगायला नको. लोखंड्यांनी मिळवलेल्या वेळाचा कल कुठल्या दिशेनं आहे, ते यावरून पाहावं. एकीकडे रोज नवं शिका म्हणायचं आणि दुसरीकडे शिकायचा तास कामाला जोडायचा, या दोन गोष्टी एका श्वासात बोलणाऱ्यांनी निदान श्वास तरी घ्यावा.

घरातही हा हिशोब सगळ्यांना सारखा लागत नाही. लॉकडाऊनच्या काळात घरून काम सुरू झालं तेव्हा अनेक घरांत एक दार बंद झालं आणि 'बाबा मीटिंगमध्ये आहेत' असं मुलांना दटावलं गेलं. आईच्या मीटिंगला ओट्याचा कोपरा मिळाला, कुकरच्या शिट्टीसकट. बाई काही शिकू लागली तर तिचं सगळं आवरून झाल्यावर, रात्री अकराला. रात्रीच्या अभ्यासिकेतून एकटीनं परतायची वेळ आली की घरचे आधी घड्याळ दाखवतात. म्हणून घरापासून चालत जाता येईल अशी, उजेडाची, माहितीच्या माणसांची जागा पुरुषांपेक्षा बायकांना जास्त हवी आहे.

या सगळ्यात माणसानं स्वतः काहीच करू नये का? करावं. पण काय शिकावं याची निवड त्यानं घाबरून करू नये. गिरगावातल्या एका छापखान्यात उमेदीची वर्षं काढलेले एक जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर लावणारे, माझ्या परिचयाचे होते. देवनागरीची केस, म्हणजे खिळ्यांची कप्प्याकप्प्यांची पेटी, इंग्रजीहून कितीतरी मोठी, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, काना-मात्रा-वेलांट्यांची घरं वेगळी. डाव्या हातात खिळे लावायची स्टिक, डोळे हस्तलिखितावर, आणि उजवा हात न बघता नेमका खिळा उचलायचा. ऑफसेट छपाई आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी, आलं आणि हे सगळं कौशल्य भंगारात गेलं. खिळे तर अक्षरशः वजनावर विकले गेले. हे गृहस्थ पेजमेकर शिकले, श्रीलिपी शिकले, पुढे युनिकोड आलं तेव्हा पुन्हा कीबोर्ड बदलला. टायपिंगला ते कधीच जलद नव्हते. तरी जलद टाइप करणारी पोरं त्यांच्याकडे येत, कारण ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलंय, ओळ कुठे तुटली तर वाचणारा अडखळेल, परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी जाऊ न देण्यासाठी काय करायचं, ते त्यांच्या डोळ्याला दिसायचं. त्यांच्या हयातीत साधनं तीनदा बदलली, पण पान चांगलं कशानं होतं हे फारसं बदललं नाही.

प्रत्येक धंद्यात असा एक सावकाश बदलणारा थर असतो. हिशोबनिसाला आकड्यांमागची लबाडी दिसणं, परिचारिकेला रोग्याचा चेहरा वाचता येणं, वकिलाला नेमका मुद्दा सापडणं. तिथे लक्ष घातलेलं वाया जात नाही. दर सहा महिन्यांनी निघणाऱ्या प्रमाणपत्रांच्या मागे धावलं की मात्र एक ना धड भाराभर चिंध्या. एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यावी, जमल्यास दोघा-तिघांच्या संगतीनं, आणि बाकीच्या यादीकडे चक्क पाठ फिरवावी. मागे पडण्याची भीती विकणाऱ्यांचा तो धंदा आहे, आपला नाही.

पण त्या जुळाऱ्यांच्या गोष्टीतला अर्धा भाग अजून राहिला. त्यांच्या मालकानं नवा कॉम्प्युटर आणला तेव्हा संध्याकाळी सहानंतर तो त्यांच्यासाठी मोकळा ठेवला, आणि शिकेपर्यंत पगार कापला नाही. त्याच काळात दुसरीकडच्या कित्येक जुळाऱ्यांना हिशोब करून घरी पाठवलं गेलं. हुशारीत ते कमी नव्हते. यांना संध्याकाळ मिळाली, त्यांना मिळाली नाही.

ती संध्याकाळ शहराला देता येईल का? मला वाटतं, फारशा खर्चाशिवाय येईल. महापालिकेच्या शाळांच्या इमारती सगळ्या वॉर्डांत आहेत, वस्तीच्या मधोमध आहेत. काही ठिकाणी रात्रशाळा भरतात. दिवसभर कुरिअर पोचवून, हॉटेलात कपबशा धुऊन आलेली मुलं तिथे दहावीला बसतात. पण कितीतरी वर्गखोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात. बाकं आहेत, पंखे आहेत, दिवे आहेत, संडास आहेत. सात ते अकरा त्या उघडाव्यात, एक पहारेकरी, एक पगारी अभ्यासिका-सेविका, एक वायफाय. अडचणी सांगितल्या जातील: वीजबिल, मोडतोड, जबाबदारी कोणाची, मुलींच्या सुरक्षिततेचं काय. खऱ्या आहेत, सोडवता येतात. निवडणुकीच्या दिवशी याच खोल्या पहाटेपासून रात्रीपर्यंत बिनबोभाट उघड्या असतात. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर आहे, तेव्हा ट्यूबलाइटच्या बिलाचं कारण पुढे करू नये. राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ पासून कायदा आहे. त्यांच्या कर्मचाऱ्यांना जगण्याइतका पगार दिला तर तीही संध्याकाळी उघडी राहतील.

नगरसेवकाचा कार्यअहवाल घरोघरी येतो, त्यात पेव्हर ब्लॉक किती बसवले, बाकडी किती दिली आणि कमानी किती उभारल्या याचे फोटो असतात. या खेपेला तो द्यायला कोणी दारात आलं, तर गल्लीतल्या शाळेची किल्ली संध्याकाळी सातनंतर कोणाकडे असते, एवढं त्याला विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत दार लावू नये.